मशीनपाशी उभे राहून विक्री : एका तरुण विक्री अभियंत्यास पत्र

चि. ... यास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. कार्बाइड टूल्सच्या, म्हणजे धातू कापणाऱ्या कठीण हत्यारांच्या, डीलरकडे विक्री अभियंता म्हणून लागल्यापासून सलग दोन तिमाहींत टार्गेट अपुरे राहिले, पुण्याजवळच्या भोसरी औद्योगिक वसाहतीतले दोन जुने ग्राहक दुसऱ्या डीलरकडे वळले, आणि कार्यालयात सगळ्यांचे मत असे की तू दर खाली आणायला कचरतोस. आणखी किती सवलत द्यावी, एवढेच तू मला विचारले आहेस. सवलतीचे उत्तर मी देतो, पण तुझी अडचण तिथे नाही असे माझे स्पष्ट मत आहे.

समज, शंभर रुपयांच्या इन्सर्टमागे, म्हणजे टूलला लावायच्या आणि धार झिजली की बदलायच्या कार्बाइडच्या तुकड्यामागे, तुमच्या फर्मला पंधरा रुपये सुटतात. त्यावर तू पाच टक्के सवलत दिलीस की हातात दहाच रुपये राहतात, म्हणजे पूर्वीइतकीच कमाई होण्यासाठी नगांची विक्री दीडपट व्हावी लागते. पाच टक्क्यांसाठी कोणताही कारखाना दीडपट इन्सर्ट वापरू लागत नाही. त्याच्याकडे जेवढे जॉब, म्हणजे मशीनवर बनवायचे भाग, आहेत तेवढीच त्याची गरज असते. शिवाय एकदा उतरलेला दर परत चढत नाही, आणि शेजारच्या शेडमधल्या मालकाला तो आठवडाभरात कळतोच.

म्हणून दराची चर्चा खरेदी विभागाच्या टेबलावर सुरू होण्यापूर्वी तू मशीनपाशी उभा राहायला हवास. तिथला हिशोब वेगळा असतो. सीएनएमजी १२०४०८ या नेहमीच्या इन्सर्टला चार धारा असतात. तुझा इन्सर्ट चारशे रुपयांचा असेल तर एक धार शंभर रुपयांना पडते, आणि त्या धारेवर पन्नास जॉब निघाले तर एका जॉबमागे टूलचा खर्च दोन रुपये होतो. समोरच्याचा इन्सर्ट तीनशेवीसला मिळत असेल पण धारेवर बत्तीसच जॉब निघत असतील, तर तोच खर्च अडीच रुपये होतो. हे गणित तुला प्रशिक्षणात शिकवलेच असेल. यापुढची पायरी मात्र बहुतेक विक्रेते चढत नाहीत. त्या मशीनचा तासाचा दर पाचशे रुपये धरला आणि योग्य ग्रेड (कार्बाइडचा प्रकार) व चिपब्रेकर (धातूचा कीस तोडणारी खाच) निवडून फीड, म्हणजे टूल पुढे सरकण्याची गती, वाढवल्यामुळे जॉबमागे वीस सेकंद वाचली, तर ती वीस सेकंद जवळपास पावणेतीन रुपयांची होतात, म्हणजे इन्सर्टच्या संपूर्ण खर्चापेक्षा जास्त. महिन्याला सहा हजार जॉब काढणाऱ्या मशीनवर तेहतीस तास मोकळे होतात.

पण हे वाक्य मालकापुढे उच्चारण्याआधी ते मशीन खरोखर कामाने भरलेले आहे का, हे विचारून घे. दुपारनंतर बंदच राहणाऱ्या मशीनवर वाचवलेल्या वेळेचे पैसे होत नाहीत, आणि मालकाला ते तुझ्याआधी ठाऊक असते. तिथे धारेचे आयुष्य वाढवणे हाच खरा फायदा, तर दोन्ही पाळ्या भरलेल्या आणि तरीही डिलिव्हरी मागे पडलेल्या ठिकाणी वेळ हाच फायदा. कोणत्या ग्राहकाला काय सांगायचे, हे त्याच्या अडचणीवरून ठरते. आपल्या कॅटलॉगवरून ते ठरवू नये.

ही अडचण ओळखण्याची उत्तम जागा म्हणजे वापरलेल्या इन्सर्टचा डबा. प्रत्येक शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या मशीन विभागात, तो असतो, कारण कार्बाइडचा भंगार किलोवर विकला जातो. खिशात दहापट मोठे दाखवणारे भिंग ठेव आणि परवानगी घेऊन त्यातले दहा-बारा इन्सर्ट उजेडात नीट पाहा. फ्लँकवर, म्हणजे धारेखालच्या बाजूवर, सरळ, सारखी झीज दिसली आणि ती साधारण ०.३ मिलिमीटरपर्यंत असली, तर धार आपले काम करून निवृत्त झाली असे समज. वरच्या पृष्ठभागावर खड्डा पडला असेल तर उष्णता जास्त होते आहे. कापण्याचा वेग कमी करावा किंवा उष्णता सोसणारे ग्रेड सुचवावे. धारेला धातू चिकटून बसला असेल तर बहुधा वेग कमी पडतो आहे. धारेचे बारीक तुकडे उडाले असतील तर टूलचा ओव्हरहँग (पकडीबाहेर राहिलेली लांबी), जॉबची पकड आणि तुटक कटिंग यांकडे आधी पाहावे लागते, नाहीतर तू दिलेला महाग इन्सर्टही तसाच तुटेल आणि दोष तुझ्या मालावर येईल.

त्याच डब्यात तुला असेही इन्सर्ट सापडतील की ज्यांच्या चारपैकी दोनच धारा वापरल्या गेल्या आहेत आणि दोन कोऱ्या आहेत. ग्राहकाचे निम्मे पैसे भंगारात जात आहेत, हे तिथे उघड दिसते. हे त्याला सांगितलेस तर पुढच्या महिन्यात तुझी ऑर्डर घटेल. तरीही सांग, असे मी आग्रहाने लिहितो. मात्र थेट मालकाच्या केबिनमध्ये जाऊन सांगू नकोस, कारण त्याचा राग ऑपरेटरवर निघेल आणि तो माणूस तुझी कोणतीही ट्रायल पुढे यशस्वी होऊ देणार नाही. आधी सेटर (मशीन जुळवून देणारा) आणि सुपरवायझर यांच्याशी बोल, वापरलेल्या धारेवर मार्करने खूण करण्याची साधी पद्धत बसवून दे, आणि सुधारणा त्यांच्या नावावर जाऊ दे. ज्या विक्रेत्याने स्वतःची विक्री कमी करणारी गोष्ट सांगितली, त्याने नंतर सांगितलेल्या महागड्या टूलवर मालक विश्वास ठेवतो. तुझे जे दोन ग्राहक गेले, त्यांच्याकडे गेल्या वर्षभरात तू मशीनपर्यंत किती वेळा गेलास आणि स्टोअरच्या खिडकीवरून किती वेळा परतलास, हे एकदा शांतपणे तपासून पाहा.

ट्रायल घेताना घाई करू नकोस. मशीन, ऑपरेटर आणि मालाची बॅच तीच ठेवून दोन्ही कंपन्यांच्या किमान तीन-तीन धारा चालवल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. वेग, फीड, कटची खोली, जॉबची संख्या आणि धार बदलण्याचे कारण लिहून त्यावर सुपरवायझरची सही घे. ट्रायल फसली तरी अहवाल तितक्याच काळजीने लिहून दे. खरेदी अधिकाऱ्याला महाग पर्याय निवडल्याबद्दल लेखापरीक्षणात उत्तर द्यावे लागते. सही असलेला अहवाल त्याच्या फाइलला लागला की त्यालाही तुझी बाजू घेणे सोपे जाते.

आता बिलाविषयी. मासिक विवरण भरणाऱ्या फर्मने आदल्या महिन्याची बिले ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणात दाखवली, तर १४ तारखेला ती ग्राहकाच्या जीएसटीआर-२बी या खरेदीच्या तक्त्यात उमटतात. १ जानेवारी २०२२ पासून तिथे न दिसणाऱ्या बिलाचे क्रेडिट, म्हणजे त्यावर दिलेल्या जीएसटीची वजावट, ग्राहकाला घेता येत नाही. बिलावर जीएसटी क्रमांकाचा एक आकडा चुकला की त्याचे जीएसटीचे १८ टक्के अडकतात, आणि इतके दिवस मशीनवर कमावलेले नाव त्यांच्या अकाउंट विभागात खराब होते. बिल पाठवण्यापूर्वी पीओ (खरेदी ऑर्डर) क्रमांक, जीएसटी क्रमांक आणि नगसंख्या स्वतः पाहत जा. कंटाळवाणे काम आहे, पण ते दुसऱ्यावर सोडू नकोस.

वसुलीची तुला लाज वाटते, हे तुझ्या पत्रातल्या शब्दांवरून जाणवले. पैसे मागितल्याने संबंध बिघडत नाहीत. तीन महिने गप्प राहून एकदम माल थांबवल्याने ते बिघडतात. बिलाची मुदत संपण्याच्या आठवडाभर आधी फोन करून बिल मिळाले का, काही तफावत आहे का, एवढे विचारले तर ती आठवण सेवेसारखी वाटते. आणि लहान जॉबवर्कवाला पैसे का थकवतो, तेही समजून घे. बहुतेक वेळा त्याचेच पैसे मोठ्या कंपनीकडे अडकलेले असतात. एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायदा, २००६ नुसार सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. आयकर कायदा, १९६१ च्या ४३बी(एच) कलमाने आणलेल्या नियमामुळे २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून ही मुदत चुकवणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च उत्पन्नातून प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच वजा करता येतो. आपण व्यापारी असल्याने या संरक्षणाचा आपल्याला उपयोग नाही, पण तुझा ग्राहक उत्पादक आहे. त्याची उद्यम नोंदणी (लहान उद्योग म्हणून सरकारी नोंदणी) आहे का, आणि तो क्रमांक त्याच्या बिलावर छापलेला आहे का, हे विचार. मालकाला हे माहीत नसेल तर त्याच्या सीएकडे जाण्याचा सल्ला दे. त्याचे पैसे वेळेवर आले तर तुझेही येतील.

भेटींबद्दल दोनच गोष्टी. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात शॉपमध्ये डिस्पॅचची धावपळ असते, तेव्हा टार्गेटसाठी ऑर्डर मागायला जाणे हा आपल्या अडचणीचा भार दुसऱ्यावर टाकणे आहे. पहिल्या पंधरवड्यात जा, आणि भोसरीत गुरुवारची सुट्टी लक्षात ठेवून आठवडा आख. खंडेनवमीला मशीनची पूजा असते, त्या दिवशी कॅटलॉग न नेता ज्यांच्या ज्यांच्याकडे शक्य असेल तिथे जा. ऑपरेटर, सेटर आणि त्यांची मुलेबाळे त्या दिवशी शॉपमध्ये भेटतात.

गेलेल्या दोन ग्राहकांकडे परत जाताना कोटेशन नेऊ नकोस. त्यांच्याकडे सध्या सर्वांत जास्त त्रास देणारा एक जॉब कोणता, एवढेच विचार, आणि त्या एका जॉबवर ट्रायलची परवानगी माग. एकाने नकार दिला तरी चालेल. दुसऱ्याकडची ट्रायल झाली की अहवाल, झिजलेल्या धारांचे फोटो आणि त्या मशीनचा सायकल टाइम (एका जॉबला लागणारा वेळ) मला पाठव. वेग आणि फीड मी पाहून देईन. तोपर्यंत कोणालाही नवी सवलत देऊ नकोस.

कळावे, लोभ आहेच.

तुझा हितचिंतक