रविवारी ताई कुठं असणार?

पत्र थोडक्यात असं: बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातली 27 वर्षांची मुलगी. थोरल्या बहिणीला डाऊन सिंड्रोम. रविवारी गडहिंग्लजचे पाहुणे बघायला येणार आहेत. ताईचं त्यांना आधी सांगावं की लग्न ठरल्यावर? आई म्हणते, ठरल्यावर.

पोरी,

तुझं पत्र लांबलचक आहे. बाबांचं बीपी, मोडलेली दोन स्थळं, भावकीचं बोलणं, सगळं आलंय त्यात. आणि मध्येच, कंसात, एक ओळ: 'ताईला बिचारीला काही कळत नाही, पाहुणे येणार म्हटलं की आपणहून पिशवी भरते, निपाणीला मामाकडं जायला.'

काही कळत नाही? अगं, पोहे भिजायच्या आत तिला कळतं की आता आपण घरात नकोय. वायरच्या पिशवीत टॉवेल, कंगवा आणि तुझी जुनी ओढणी. तूच लिहिलंयस. जा म्हणून कुणी सांगायचीही वाट बघत नाही ती. तेहतीस वर्षांत घरानं तिला ही एक गोष्ट पक्की शिकवली, वर तिलाच भोळी म्हणताय.

'आईचा काही दोष नाही, ती माझ्यासाठीच करते.' असेल. पण आज मला आईची कीव करायची नाही, आणि तुझी तर नाहीच. ताईला स्टँडवर सोडायला तूच जातेस ना?

पाहुण्यांना धास्ती असते ती 'रक्तात आहे का' याची. त्याला सरळ उत्तर आहे. 21 व्या गुणसूत्राची एक जादा प्रत आली की डाऊन सिंड्रोम होतो, आणि बहुतेक वेळा तो वारशानं येत नाही. थोड्या घरांत येतो. ताईच्या कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीत ते समजतं. रिपोर्ट नसेल तर करून घ्या, डॉक्टरांना दाखवा, विषय संपला.

आईबाबांच्या पश्चात ताईचं कोण, हेही विचारलंयस. मूल 18 चं झालं की आईबापसुद्धा आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली डीसींच्या, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती असते, तिच्याकडं अर्ज करून पालक नेमून घ्यावा लागतो. तो अर्ज आईबाबा धडधाकट आहेत तोवर करा. कागद कानडीत असले तर शेजारच्या कुणाला तरी वाचायला बसव, आपल्याकडं कानडी येणाऱ्यांचा काय तोटा!

पण ते सोमवारनंतर. मुलाचा नंबर तुझ्याकडं आहे, रोज त्याचं गुडमॉर्निंग येतं म्हणतेस. आज रात्रीच त्याला फोन लाव. सांग, मला थोरली बहीण आहे, तिला डाऊन सिंड्रोम आहे आणि रविवारी चहाचा ट्रे तीच आणणार आहे. आढेवेढे नकोत, 'पण तशी ती शांत असते' असली पुरवणीही नको. यायचं असेल तर येतील.

फोन झाला की ताईला सांग, रविवारी कुठंही जायचं नाही.

आईला सगळ्यात शेवटी सांग. ओरडेल. ओरडू दे.