छापखान्यातला विंडोज एक्सपी अजून चालतोय. त्याला आजचा प्रिंटर, इंटरनेट जोडून वापरता येईल का?

तुम्ही लिहिलंय की काकांच्या छापखान्यात २००४ सालचा एक्सपीचा संगणक आहे, पेजमेकर (छपाईची पानं मांडायचं सॉफ्टवेअर) आणि मराठी फॉन्टचं जुनं सॉफ्टवेअर त्यावर अजून नीट चालतं आणि काका तो सोडायला तयार नाहीत. तुम्हाला त्यावर वायफाय, नवा प्रिंटर आणि व्हॉट्सॲप वेब हवंय. आणि शेवटी विचारलंय, 'हे जमत नसेल तर सरळ भंगारात काढू का?' त्या शेवटच्या वाक्यासाठी मी लिहायला बसलो.

भंगारात काढू नका. काका बरोबर आहेत.

बाकीच्याचं थोडक्यात सांगतो. इंटरनेट जोडू नका. मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा सपोर्ट थांबवला, क्रोमने २०१६ मध्ये, फायरफॉक्सने २०१८ मध्ये. आजच्या बहुतेक साइटना जी सुरक्षा लागते ती एक्सपीत मुळातच नाही. व्हॉट्सॲपसाठी खिशात फोन आहे. नव्या प्रिंटरचा ड्रायव्हर एक्सपीसाठी बहुधा मिळणार नाही आणि त्याची गरजही नाही, ते पुढे सांगतो.

आमचा छापखाना सांगलीत, गावभागात. आबांनी अक्षरांचे धातूचे खिळे जुळवून सुरू केलेला. मी १९९८ पासून डीटीपी करतो, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवतो. एक्सपीचं मशीन आलं २००३ मध्ये. पेंटियम फोर, ५१२ एमबी रॅम, ८० जीबीची डिस्क. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे अहवाल आणि दरवर्षी एक दिवाळी अंक, सगळं त्याच मशीनवर. सोळा वर्षांत वीज पुरवणारा एसएमपीएस दोनदा बदलला, बाकी त्याने एकदाही काम अडवलं नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये महापूर आला. ऑफसेट मशीन जागचं हलणारं नव्हतं, ते पाण्यात गेलं. कागदाची रिमं गेली. पण सीपीयू मी छातीशी धरून माळ्यावर नेला, दिवाळी अंकाच्या तयार ट्रेसिंगचा (प्लेट करण्यासाठी पारदर्शक कागदावर काढलेल्या पानांचा) गठ्ठाही नेला. पाणी उतरल्यावर धाकटा भाऊ पुण्याहून आला. आठ दिवस त्याने माझ्याबरोबर चिखल उपसला, ते मी विसरणार नाही. नवव्या दिवशी मी आबांना घेऊन मिरजेला डॉक्टरांकडे गेलो होतो. परत आलो तर टेबलावर नवाकोरा संगणक, विंडोज १० टाकलेला, आणि माळा रिकामा.

"दादा, तुझ्या फाईली सगळ्या पेनड्राइव्हवर घेतल्यात. ते खोकं दिलं भंगारवाल्याला, भिजलेल्या रद्दीबरोबर."

स्वतःच्या पैशांनी आणलं होतं त्याने नवं मशीन. मी काहीच बोललो नाही. पेजमेकर टाकलं, ते सुरू झालं. दिवाळी अंकाची फाईल उघडली आणि पानभर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्यांची चिन्हं. त्याने माय डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप उचललं होतं, फॉन्ट उचललेच नव्हते. भाऊ सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्याच्या जगात मजकूर म्हणजे मजकूर. आमच्या जुन्या फॉन्टांत 'क' हा 'क' म्हणून साठवलेलाच नसतो. कुठल्यातरी इंग्रजी अक्षराच्या जागी 'क'चं चित्र बसवलेलं असतं. फॉन्ट गेला की सोळा वर्षांचा मजकूर गेला.

बरं, फॉन्ट मिळाले तरी टाइप करायला डोंगल लागतो. मागे पॅरलल पोर्टला स्क्रूने आवळलेली काडेपेटीएवढी डबी. ती नसेल तर मराठी कीबोर्ड सुरूच होत नाही. कंपनीला फोन केला. उत्तर मिळालं, तो डोंगल आता देत नाही, नवी आवृत्ती घ्या. नव्या आवृत्तीत फॉन्टची मांडणी वेगळी, म्हणजे जुन्या फाईलींना तिचा उपयोग शून्य. पैसे भरून घेतलेल्या वस्तूची चावी हरवली तर दुसरी देणार नाही, नवं घर घ्या, असं सांगण्यासारखं आहे हे, आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माधवनगर रोडला भंगारवाल्याकडे गेलो. कॅबिनेट मिळालं, एक बाजू उघडलेली, मदरबोर्ड काढून नेलेला. डिस्क मात्र खाचेतच होती. डोंगल नव्हता. तिथल्या पोराने एका पोत्याकडे बोट दाखवलं. केबलींचं पोतं, चिखलाने माखलेलं. मी ते जमिनीवर उपडं केलं आणि एकेक केबल सोडवत बसलो. दीड तासाने प्रिंटरची जाड केबल हाताला लागली. तिच्या टोकाला डबी तशीच आवळलेली. केबल ओढून काढताना डबीसकट निघाली होती. पाचशे रुपये मागितले, दिले.

आता डिस्क होती, डोंगल होता, पण मशीन नव्हतं. पॅरलल पोर्ट असलेला बोर्ड शोधण्यात अकरा दिवस गेले. इकडे संपादकांकडून दुरुस्त्या येतच होत्या. त्या आबांनी कात्रीने केल्या. ७८ वर्षांचे होते तेव्हा. मागच्या वर्षीच्या अंकाची ट्रेसिंगं काढली, तोच फॉन्ट, तोच बारा पॉइंट, आणि त्यातून हवं ते अक्षर कापून टाचणीच्या टोकाने यंदाच्या ट्रेसिंगवर बसवायचं, वरून सेलोटेपचा कपटा. एका पानावर 'शेतकऱ्यांच्या' शब्दात 'ऱ्यां' हवा होता. चाळीस पानं चाळून त्यांना अनुस्वारासकट तो मिळाला. दिवा खाली ओढून, श्वास रोखून त्यांनी तो बसवला. छापून आल्यावर कुठे जोड दिलाय हे मलाही ओळखता आलं नाही.

शेवटी कोल्हापुरात जुन्या संगणकांच्या दुकानात जी-३१ चिपसेटचा बोर्ड मिळाला, प्रोसेसर आणि २ जीबी रॅमसकट २,२०० रुपयांना. जुन्या जोडणीची आयडीई डिस्क आणि नव्या जोडणीची साटा, दोन्ही त्याला जोडता येतात, मागे खरा पॅरलल पोर्ट. डिस्क जोडली तर निळा पडदा, ७बीची चूक. बोर्ड बदलला की एक्सपी डिस्कपर्यंत पोचतच नाही, ही त्याची जुनी खोड. एक्सपीची सीडी घालून रिपेअर इन्स्टॉल केलं (आतलं सगळं ठेवून विंडोज पुन्हा बसवलं), ॲक्टिव्हेशनचे लांबलचक आकडे फोनवर वाचून दाखवले. रात्री साडेअकराला फॉन्टचं सॉफ्टवेअर सुरू झालं. 'श्री' टाइप केलं. उमटलं.

तर तुमचं मशीन. पहिलं काम, आज रात्री झोपायच्या आधी सी ड्राइव्हमधल्या विंडोजमधलं फॉन्ट्स फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. दुसरं, क्लोनझिला या सॉफ्टवेअरने अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढा, एक नव्हे दोन, आणि दोन वेगवेगळ्या घरांत ठेवा. फाईली कॉपी करणं म्हणजे बॅकअप, हा समज डोक्यातून काढून टाका. तिसरं, बोर्डावरचा सीआर २०३२ सेल बदला. तो संपला की तारीख मागे जाते आणि काही सॉफ्टवेअरं तारीख बघून रुसतात.

प्रिंटरचं असं. एक्सपीवरून थेट छापायचंच नाही. पेजमेकरमधून पोस्टस्क्रिप्ट (छपाईच्या मशीनची भाषा) प्रिंटर निवडून प्रिंट टू फाईल करा आणि ती पीएस फाईल ॲक्रोबॅटच्या डिस्टिलरमधून पीडीएफ करा. डिस्टिलरमध्ये सगळे फॉन्ट एम्बेड होतायत ना, म्हणजे पीडीएफच्या आतच बसतायत ना, हे तपासा. ते राहिलं तर छपाईची प्लेट करणाऱ्याकडे पुन्हा तीच टक्क्यांची चिन्हं. पीडीएफ झाली की ती कुठल्याही मशीनवर उघडते, कुठल्याही प्रिंटरवर छापते, संगणकावरून थेट प्लेट काढणाऱ्या सीटीपीला जाते. आमच्याकडे आज वायफायचा प्रिंटर आहे, तो एक्सपीला माहीतही नाही.

पीडीएफ पलीकडे न्यायला फॅट ३२ केलेला एकच पेनड्राइव्ह ठेवा, त्या कामापुरता, आणि एक्सपीत ऑटोरन (पेनड्राइव्ह लावताच आतलं आपोआप चालू होणं) बंद करा. ग्राहकाचा पेनड्राइव्ह त्यात कधीही घालू नका. फाईल शेअरिंग चालू करायचा मोह होईल. एक्सपीला त्यातली फक्त पहिली, जुनी पद्धत येते, एसएमबी-१. मे २०१७ मध्ये फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय याच दाराने शिरला होता. विंडोज १० मध्ये २०१७ च्या शेवटापासून ती पद्धत मुळात बंदच येते, आणि यूट्यूबवर बघून ती चालू करणारी माणसं मला माहीत आहेत. करू नका. फारच ये-जा असेल तर नव्या मशीनवर एफटीपी सर्व्हर (फाईलींची देवघेव करणारा प्रोग्राम) टाका. एक्सपीला हाताने आयपी पत्ता द्या आणि गेटवेची, म्हणजे इंटरनेटकडे जाणाऱ्या वाटेची, चौकट रिकामी ठेवा. शेजारच्या मशीनशी तो बोलेल, बाहेर जाणार नाही.

आता माझा भाऊ काय म्हणतो ते सांगतो, कारण तुमच्या घरातही कोणीतरी हेच म्हणणार. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तो सांगलीला घरून काम करत होता. तेव्हा त्यानेच डिस्क-टू-व्हीएचडीने एक्सपीची अख्खी डिस्क एका फाईलीत घेतली आणि नव्या मशीनवर व्हर्च्युअल बॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) उभी केली. डिस्क साटाऐवजी आयडीई कंट्रोलरला लावली म्हणून निळा पडदाही आला नाही. नेटवर्क बंद, फाईलींसाठी एक शेअर्ड फोल्डर. खिडकीत एक्सपी, त्यात पेजमेकर, जुन्या फाईलवरून दोन मिनिटांत पीडीएफ. उत्तम काम केलं त्याने, मी रोज वापरतो. पण त्यानंतर म्हणाला, "बघ दादा, शेवटी नव्या मशीनवरच आलास. म्हणजे तेव्हाही माझं बरोबरच होतं."

नव्हतं. २०१९ मध्ये ती डिस्क भंगारवाल्याकडे सापडली नसती तर २०२० मध्ये व्हर्च्युअल बॉक्समध्ये काय उभं केलं असतंस? आणि त्या खिडकीत मी आजही मराठीचं एक अक्षर टाइप करू शकत नाही, कारण पॅरलल पोर्टचा डोंगल त्यात दिसत नाही. यूएसबीला पॅरलल पोर्ट लावायची वायर मिळते, ती प्रिंटरपुरती. आमचा डोंगल तिच्यावर चालला नाही. दुरुस्ती आली की मी उठतो आणि त्या २,२०० रुपयांच्या मशीनवर जाऊन बसतो. ज्या मशीनवर दुसऱ्याची भाकरी शिजते ते टाकायचं की ठेवायचं हे त्याच्यावर बसणाऱ्याला विचारल्याशिवाय ठरवायचं नाही. नवं मशीन शेजारी आणून ठेवा, वर्षभर दोन्ही चालू द्या, मग बोला. एवढंच म्हणणं होतं माझं तेव्हा, आणि आजही तेवढंच आहे.

तुमचा डोंगल यूएसबीचा असेल तर तुमचं निम्मं दुखणं वाचलं. तो व्हर्च्युअल बॉक्सला देता येतो, मग जुन्या लोखंडाची काळजी कमी. पॅरलल असेल तर तसा पोर्ट असलेला एक जादा बोर्ड आत्ताच घेऊन ठेवा. नव्या बोर्डांवर एक्सपी थेट बसवायच्या नादी लागू नका. ते युईएफआय या नव्या पद्धतीने सुरू होणारे असतात, सुरू व्हायची जुनी बायोसची वाट बऱ्याच ठिकाणी काढूनच टाकलीय.

एक गोष्ट मात्र काकांनाही सांगा, मी ती उशिरा शिकलो. नवं काम जुन्या फॉन्टमध्ये सुरू करू नका. आम्ही २०२१ पासून नवी पुस्तकं युनिकोडमध्ये, जिथे 'क' हा 'क' म्हणूनच साठवला जातो, इनडिझाइन या पानं मांडायच्या नव्या सॉफ्टवेअरवर करतो. जुना मजकूर लागेल तेवढाच कन्व्हर्टरमधून काढतो, आणि तो ओळन् ओळ वाचावा लागतो. रफार आणि दुसरी वेलांटी एकाच चिन्हात असते तिथे रफार गळतो, 'कीर्ती'ची 'कीती' होते. 'ऱ्य'चा 'र्य' होतो तो तर डोळ्यांना कळतही नाही. एका देवस्थानाच्या अहवालात आचाऱ्यांना दिलेली रक्कम आचार्यांच्या नावावर चढली होती, ती आबांनी प्रुफात पकडली. पेजमेकरच्या जुन्या पीएमडी फाईली थेट उघडायच्या तर इनडिझाइन सीएस ६ पर्यंतचीच चालते, त्यानंतरच्या सीसी आवृत्त्यांनी ती सोय काढली. कोणाकडे सीएस ६ असेल तर तो माणूस धरून ठेवा.

हे सगळं करताना काकांना शेजारी बसवा. कुठल्या वर्षाचा अहवाल कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते त्यांच्याच डोक्यात असणार. आणि मशीनच्या मागे हात घालून बघा, प्रिंटरची केबल थेट पोर्टला आहे की मध्ये एक डबी आहे. डबी असेल तर तिच्यावर आजच पांढरा कागद चिकटवून मोठ्या अक्षरात लिहा: काढू नये.