ती ‘गेले’ कधी म्हणायला लागली?

शहापूर, बेळगाव

प्रिय मुली,

तुझी कथा दोनदा वाचली. पहिल्यांदा रात्री, एका बैठकीत. दुसऱ्यांदा सकाळी, हातात पेन्सिल घेऊन. रात्री मला तुझ्या त्या माणसाचा फार राग आला. सकाळी लक्षात आलं की हा राग तू माझ्याकडून पहिल्याच पानावर काढून घेतलास, आणि मग उरलेल्या पंधरा पानांत मला करण्यासारखं काही ठेवलं नाहीस. त्याबद्दलच लिहायला बसले आहे. फोनवर बोलता आलं असतं, पण लिहिल्याशिवाय मला अशा गोष्टी नीट सुचत नाहीत.

खडेबाजारातल्या साडीच्या दुकानात काम करणारी 21 वर्षांची मुलगी. ॲपवर भेटलेला, पुण्यात नोकरी करणारा, मूळचा इथलाच 32 वर्षांचा माणूस. तीन आठवडे मेसेज, किल्ला तलावावर पहिली भेट, मग रविवारी त्याच्या गाडीतून जांबोटीमार्गे चोर्ला घाट. परत आल्यावर त्याने तिला ब्लॉक करणं. विषय आजचा आहे आणि आपल्याकडे मराठीत तो कमी लिहिला जातो. लिहितात ते बहुतेक पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधलं लिहितात. खानापूरहून रोज रेल्वेने ये-जा करणारी मुलगी हे सगळं कसं जगते, ते तूच लिहू शकतेस. म्हणून तर एवढा जीव लावून वाचलं.

आता त्या माणसाबद्दल. त्याचे डोळे तू पहिल्याच परिच्छेदात ‘लांडग्यासारखे’ केलेस. एकदा तो लांडगा ठरला की मुलगी गाडीत बसते तेव्हा वाचक मनात म्हणतो, ‘अगं, बसलीस कशाला?’ हाच प्रश्न उद्या तिला गल्लीत विचारला जाणार आहे. तिच्या बाजूने लिहिलेल्या कथेत तू तो वाचकाच्या तोंडी दिलास. ती बसली, कारण बसावंसं वाटण्यासारखं त्याच्यात काहीतरी होतं. तो मजेशीर लिहीत असेल. ती दिवसभर उभी राहून थकते हे आजवर कोणी विचारलं नव्हतं, ते त्याने विचारलं असेल. तो ओढा मला खरा वाटला पाहिजे, तिच्याइतकाच.

2017 च्या डिसेंबरात ‘न्यूयॉर्कर’ या अमेरिकी साप्ताहिकात क्रिस्टन रूपेनियन यांची ‘कॅट पर्सन’ नावाची कथा आली. लोकांनी ती एकमेकांना पाठवून पाठवून वाचली, बायकांनी ‘हे माझंच आहे’ म्हटलं, पुष्कळ पुरुष चिडले. 20 वर्षांची मार्गो, चित्रपटगृहातल्या खाऊच्या काउंटरवर काम करणारी. 34 वर्षांचा रॉबर्ट. मेसेजवर दोघांचं छान जमतं. मेसेजच्या मधल्या रिकाम्या जागा ती आपल्या कल्पनेने भरत जाते. प्रत्यक्षात तो वेगळा निघतो. त्याच्या घरी गेल्यावर तिचं मन फिरतं, पण इथवर आपणच आलो, आता नको म्हटलं तर आपण लहरी दिसू, या विचाराने ती थांबत नाही. तो तिला कोंडत नाही, धमकी देत नाही. कथा त्याच्या एका शब्दाच्या मेसेजवर संपते, आणि तो शब्द शिवी आहे. ती शिवी पहिल्या पानावर आली असती तर कथा तिथेच संपली असती. कायद्याच्या कुठल्या कलमात न बसणारी पण बाईला आयुष्यभर सलणारी अशी एक गोष्ट असते, तिला त्या लेखिकेने हात घातला. तुझी कथाही त्याच जागेवर उभी आहे. म्हणून सांगते, लांडगा काढ.

पण त्या कथेकडे बघून लिहू नकोस. इंग्रजीत ‘यू’ एकच. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण. कोण कोणाला काय म्हणतं यावरूनच कोणाचा हात वर आहे ते कळतं. तुझा माणूस पहिल्या मेसेजपासून ‘तू’ म्हणतो, ती नऊ पानं ‘तुम्ही’ म्हणते. जी मुलगी घरी आजोबांनाही ‘तू’ म्हणते, ती याला ‘तुम्ही’ का म्हणते? तुला हे माहीत आहे, पण कथेने ते अजून ओळखलेलं नाही.

आणि आता ते वाक्य, ज्याच्यासाठी हे सगळं पत्र आहे. बाराव्या पानावर, गाडी जांबोटीच्या पुढे गेल्यावर त्याच्या आईचा फोन येतो आणि तो म्हणतो, ‘जेवलो की गे. गाडी चालवायलोय, मागनं करतो.’ बस. पुढच्याच ओळीत तू धुक्याच्या वर्णनाकडे वळलीस. अगं, तीन आठवडे पुण्याची मराठी बोलणारा माणूस आईशी बोलताना एका क्षणात बेळगावचा झाला! त्याआधी सहाव्या पानावर, तलावाच्या कठड्यावर, तिने ‘मी लवकर आलो’ म्हटल्यावर हाच माणूस हसून म्हणाला होता, ‘आलो काय? मुलगी आहेस ना तू?’ या दोन वाक्यांच्या मधे तुझी कथा आहे. पुण्यात कधीतरी, कोणत्या तरी ऑफिसात किंवा मेसमध्ये, त्याच्याही ‘चालवायलोय’ला कोणीतरी हसलं असणार. त्याला जे झालं ते त्याने तिला दिलं. हे दिसलं की तो लांडगा राहत नाही, आणि त्याने केलेलं जास्त लागतं.

आपल्याकडच्या बायका ‘मी आलो, मी जेवलो, मी जातो’ म्हणतात. कन्नडमध्ये ‘नानु बंदे’ म्हणणारा पुरुष आहे की बाई, ते क्रियापदावरून कळत नाही. शेजारी राहून राहून आपल्या मराठीनेही ‘मी’पुरता तो भेद सोडून दिला. शाळेत मात्र याला चूक म्हणतात. मी स्वतः 30 वर्षं मुलींच्या वह्यांत ‘गेलो’खाली लाल रेघ मारली आणि वर ‘गेले’ लिहिलं. परीक्षेसाठी ते करावं लागतं, हे मी आजही म्हणेन. पण ती रेघ मारताना मुलींच्या हातून मी आणखी काय काढून घेत होते, याचा विचार मी फार उशिरा केला.

माझ्या घरी 1981 साली पुण्याचं स्थळ आलं होतं. वडिलांचे दोन माग होते, घराच्या पुढच्या खोलीतच. त्या दिवशी ते बंद ठेवले, आणि मागाचा आवाज नसलेलं ते घर मला परकं वाटत होतं. स्टीलच्या बशांत कुंदा ठेवला होता. मुलाच्या आईने काहीतरी विचारलं, मी उठत म्हणाले, ‘मी चहा आणतो.’ त्या हसल्या. ‘मुलगी आणतो म्हणते!’ मग मुलगा हसला, त्याचे काका हसले. ते हसणं मी विसरून गेले असते. पण माझे वडील हसले. मान खाली घालून, पाहुण्यांना बरं वाटावं म्हणून, स्वतःच्याच घरात. ते माझ्याशी आयुष्यभर हीच भाषा बोलले होते. त्या रात्री न्हाणीघराचं दार लावून मी पुटपुटत होते, आले, गेले, केले, आणले. बाहेरून आई विचारत होती, बरं नाही काय गे तुला.

ते लग्न झालं नाही. पत्रिका जुळत नाही असं कळवलं त्यांनी. पण ‘आले, गेले’ माझ्या तोंडात कायमचं बसलं. हे पत्रही मी तसंच लिहिते आहे, बघ.

म्हणून तुझ्या कथेत मला एकच गोष्ट शोधून हवी आहे. तुझी नायिका सहाव्या पानावर ‘आलो’ म्हणते आणि चौदाव्या पानावर, ब्लॉक झाल्यावर, मैत्रिणीला सांगते, ‘मी त्याच्याबरोबर गेले होते.’ कधी बदललं? मैत्रीण तिच्याच गावची आहे, तिच्याशी तरी ‘गेलो होतो’ यायला हवं होतं. तुझी नजरचूक असेल तर ती देवाने दिलेली चूक समज. तो जागेवर नसतानाही त्याचं दुरुस्त करणं तिच्या तोंडात राहिलं आहे. तो क्षण कुठला, ते तुला सापडलं की ‘लांडगा’, ‘शिकार’, ‘असहाय’ हे सगळे शब्द आपोआप गळून पडतील.

‘असहाय’वरून घाटातला प्रसंग. गाडी उभी, पाऊस, काचांवर वाफ, त्याने इंजिन बंद केलेलं, फोनला रेंज नाही. इथे तू लिहिलंस, ‘तिला असहाय वाटलं.’ मला तिथे तिचं डोकं चालताना बघायचं आहे. अशा वेळी मुलगी हिशेब करते. पर्समध्ये किती पैसे आहेत, आधार कार्ड आहे की नाही, कणकुंबी किती मागे राहिलं, तिथून गाडी केव्हाची. 11 जून 2023 पासून आपल्या कर्नाटक राज्याच्या साध्या बसमध्ये बाईला तिकीट लागत नाही. कंडक्टर कार्ड बघतो आणि शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो. त्या तिकिटाचं मोल लोक पैशात मोजतात. मी ते वेगळ्या ठिकाणी बघितलं आहे: आमच्या गल्लीतल्या मुली आता ‘मला सोड, मी बसने जातो’ म्हणू शकतात. पण हद्द ओलांडून गाडी गोव्याकडे उतरायला लागली की त्या तिकिटाचा भरवसा राहत नाही. तो ‘अजून थोडं पुढे जाऊ’ म्हणतो, त्याला फक्त धबधबा दिसतो आहे. तिला मैलाचे दगड दिसत आहेत. सत्ता हा शब्द कथेत एकदाही न लिहिता इथे ती आख्खी दाखवता येईल. किल्ली कोणाकडे आहे, आणि परत कसं जायचं हे कोणाला आधीपासून ठरवून ठेवावं लागतं, एवढं दाखव.

तिच्या आईचे तीन मिस्ड कॉलही राहू देत. तू ते कटकटीसारखे आणले आहेस. मला तसे वाटत नाहीत. परदेशातल्या कथेत खोलीत दोन माणसं असतात, आपल्याकडे गाडीच्या मागच्या सीटवर घर आणि गल्ली बसलेली असते. 2023 च्या डिसेंबरात आपल्या बेळगावजवळच्या नवी वंटमुरीत काय झालं ते तुला ठाऊक आहे. मुलगा-मुलगी पळून गेले, आणि मुलीकडच्या लोकांनी मुलाच्या आईला घरातून ओढून काढलं, विवस्त्र केलं, खांबाला बांधलं. इकडे बेळगावात सुवर्ण विधानसौधात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन चालू होतं. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्या बाईने कोणावर प्रेम केलं नव्हतं, कोणाला मेसेज केला नव्हता. ही घटना कथेत घालू नकोस, तिच्यावर आपला हक्क नाही. पण तुझ्या नायिकेने ती ऐकली आहे. तिची आई फोन करते तेव्हा तिनेही ती ऐकलेली असते. त्यामुळे फोन उचलताना मुलगी आवाज कसा सावरते, ते नीट लिही.

तू विचारलं होतंस, टोपणनावाने छापलं तर चालेल का. चालेल. विभावरी शिरूरकर हे नावही टोपणच होतं. 1933 साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं तेव्हा शिकलेल्या अविवाहित मुलींच्या मनातलं उघड लिहिल्याबद्दल केवढं वादळ उठलं. टोपणनावात कमीपणा काही नाही.

पण स्वतःचं नाव झाकताना दुसऱ्याचं उघडं ठेवू नकोस. ‘कॅट पर्सन’च्या बाबतीत 2021 मध्ये एका स्त्रीने लेख लिहून सांगितलं की मार्गोच्या गावापासून नोकरीपर्यंतचे तपशील तिच्या स्वतःच्या आयुष्यातले आहेत, आणि ज्या माणसाशी तिचं नातं होतं तो कथेतल्यासारखा नव्हता. ते तपशील, निदान गावाचं नाव तरी, आपण बदलायला हवं होतं, हे लेखिकेने मान्य केलं. अमेरिकेसारख्या अवाढव्य देशात माणूस ओळखू आला. आपल्याकडे तर गाडीचा रंग आणि दुकानाचा कोपरा सांगितला की रविवारपेठेपर्यंत नाव पोचतं. तू कोणाचं बघून लिहिलंस ते मी विचारणार नाही. ती तू असलीस तरी मला सांगायची गरज नाही. पण दुकान साडीचं नको, ते बदल. गाडीचा रंग बदल. आईचा फोन आणि ‘आलो’ मात्र बदलू नकोस.

शेवटचं पान आहे तसं राहू दे. ब्लॉक झाल्यावर ती दुकानात जाऊन घड्या मोडलेल्या साड्यांच्या पुन्हा घड्या घालते, ते सुरेख आहे. दुकान बदललंस तरी हातांना असंच काहीतरी काम दे.

लिहून झालं की मोठ्याने वाचून बघ, गावी आईशी बोलतेस त्या आवाजात. अडलं तर घेऊन ये. गाडी सुटेपर्यंत तुला तास-दीड तास मिळतो ना? शनिवारी दुपारी मी घरीच असतो. ये.

तुझ्या
बाई