पाथर्डी फाट्याला रो हाऊस बांधतोय, ८ वर्षांची मुलगी व्हीलचेअर वापरते, बांधकामात काय सांगू?

दादा, आधी जोतं, म्हणजे जमिनीपासून घराच्या फरशीपर्यंतची उंची बघा. पावसाचं पाणी शिरू नये म्हणून दीड फूट उचलतात अन पुढे तीन पायऱ्या, तिथे १:१२ उताराचा (एक फूट चढायला बारा फूट लांबी) रॅम्प करायचा तर १८ फूट लांबी लागते, समोरच्या मार्जिनमध्ये, म्हणजे घरापुढे सोडलेल्या मोकळ्या जागेत सरळ बसत नाही मग ठेकेदार खडा उतार करून मोकळा होतो, ते अजिबात मान्य करू नका, बाजूने वळवून घ्या आणि वळणावर ५ बाय ५ फूट सपाट जागा ठेवा. वर पॉलिश ग्रॅनाइट नको, श्रावणात निसरडं होतं, खरखरीत पार्किंग टाइल्सच लावा.

बाथरूमचा उंबरा काढाच, पाणी बाहेर येईल म्हणून मिस्त्री भांडेल पण उतार नीट दिला आणि दारात जाळीचा चॅनेल (पाणी वाहून नेणारी नाली) टाकला की नाही येत. दार ३ फूट मोकळं, सरकतं किंवा बाहेर उघडणारं, म्हणजे ती आत पडली तरी दार अडणार नाही. आधाराला धरायच्या दांड्या लावायच्या भिंती पक्क्या विटेच्या ठेवा, पोरगी वाढेल तशी दांडी वर सरकवता येते.

खोली खालीच द्या, पण कुठंतरी मागे कोपऱ्यात नको, हॉलला लागून. बटणं ३ फुटांवर, तिचा दिवा तिनेच लावला पाहिजे.