कॅन्टीनच्या मागच्या दारानं जा

ताई, कॅन्टीन चालवणारी कंपनी खरंच जबाबदारीनं वागते का, हे कसं तपासायचं ते विचारलंस. तिचा गुळगुळीत कागदावरचा सामाजिक जबाबदारीचा अहवाल वाच, पण भुलू नको. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 प्रमाणे वर्षाला 5 कोटी किंवा जास्त निव्वळ नफा असला, की मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्चावेच लागतात. गावातल्या शाळेला बाकं दिली, तो उपकार नव्हे.

वणीच्या कोळसा पट्ट्यातलं कॅन्टीन असो की आश्रमशाळेचं स्वयंपाकघर, पंगत उठली की भांडी घासणाऱ्या बायांजवळ बस. मजुरी खात्यात येते की ठेकेदाराच्या हातून? पीएफ कापला जात असेल तर यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा कायमचा नंबर, त्यांना कोणी सांगितला का? 'ती माणसं ठेकेदाराची, आमचा संबंध नाही' हे उत्तर मी ऐकून घेत नाही. ठेकेदारानं मजुरी थकवली तर ती देण्याची जबाबदारी कायद्यानं मुख्य मालकावर, म्हणजे ठेकेदाराकडून काम करून घेणाऱ्यावर येते. यावर अडून बस.

'तूर इथल्याच शेतकऱ्यांची घेतो' म्हणाले तर बिलं माग, आणि चुकारे किती दिवसांत झाले ते पाहा. तळणाच्या तेलात एकूण ध्रुवीय घटक, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवून तयार होणारे खराब घटक, 25 टक्क्यांच्या वर गेले की ते वापरता येत नाही. मग ते काळं तेल जातं कुठं? भजीच्या गाडीवर विकत असतील तर माझ्या लेखी ती कंपनी बाद. परवाना आहे का, उरलेल्या अन्नाचं काय करतात, हे तपासणं लवकर उरकतं.

पहिल्यांदा कळवून जा. दुसऱ्यांदा न सांगता, सकाळी भाजीची गाडी उतरते तेव्हा.