सीपीसी ब्लू, म्हणजे कॉपर फ्थॅलोसायनिन या निळ्या रंगद्रव्याचे स्फटिक सुईसारखे लांब येतात. कंडिशनिंग (दळलेलं रंगद्रव्य गरम सॉल्व्हंटमध्ये ठेवून स्फटिक वाढवणं) संपल्यावर 2 टक्के पॉलिमर घातलं, तरी सुया तशाच. पॉलिमर घालून आकार बदलतो का?

बदलतो, पण तुम्ही लिहिलंय तसा नाही. कंडिशनिंग संपल्यावर 2 टक्के पॉलिमर घातलंत आणि सुया तशाच राहिल्या, तर राहणारच. तयार सुईला तेव्हा नुसता अंगरखा मिळतो.

कॉपर फ्थॅलोसायनिनचा रेणू चपटा. बीटा या स्फटिकरूपात हे रेणू भाकऱ्यांच्या चवडीसारखे, जरा तिरके, एकावर एक बसतात. चपट्या अंगाला चपटं अंग सगळ्यात घट्ट धरतं, म्हणून नवा रेणू चवडीच्या माथ्यावरच जातो आणि स्फटिक लांबतो. अडवायचा आहे तो हा माथा. पॉलिमर काही साचा नाही. ते ज्या पृष्ठाला चिकटतं त्याची वाढ मंदावते, एवढंच. कडेच्या पृष्ठांना चिकटलं तर सुई उलट आणखी बारीक! माझ्या पहिल्या ट्रायलमध्ये नेमकं हेच झालं, आणि आठवडाभर मी दोष मायक्रोस्कोपला देत होतो.

त्यामुळे साखळीवर नॅफ्थलीनसारखे चपटे गट असलेलं पॉलिमर बघा. ते गट माथ्याला धरतात, उरलेली साखळी सॉल्व्हंटमध्ये मोकळी राहते. धरायला जागा अनेक, म्हणून गरम असतानाही ते सहज सुटत नाही. अर्थात ते त्या सॉल्व्हंटमध्ये विरघळायला मात्र हवं.

घालायची वेळ: कोरडं दळलेलं क्रूड (कच्चं रंगद्रव्य) म्हणजे बीटा आणि अल्फा या दुसऱ्या स्फटिकरूपाचं अगदी बारीक मिश्रण. ते गरम सॉल्व्हंटमध्ये बीटा होतं आणि सुया तिथेच वाढतात. पॉलिमर गरम करायच्या आधीच आत हवं.

हात आखडता ठेवा. जास्त झालं की अल्फाचं बीटा होणंच रेंगाळतं (कोणतं रूप किती आहे ते कळायला एक्स-रे डिफ्रॅक्शन करून घ्या) आणि गाळणं अडल्यामुळे फिल्टर प्रेसवरचा माणूस तुमच्या नावाने ओरडतो. सुया आखूड झाल्या की शेड हिरवट बाजूला सरकते, तेव्हा स्टँडर्डशी जुळवून मगच लॉट पाठवा.

आणि खरं सांगू? पॉलिमरच्या मागे लागण्याआधी सल्फोनेटेड किंवा फ्थॅलिमिडोमिथाइल सीपीसी (रेणूच्या कडेला जादा गट जोडलेलं सीपीसी) घालून एक बॅच शेजारी लावा. असला रेणू म्हणजे मुळात त्याच चवडीतली भाकरी, त्यामुळे ती माथ्यावर बरोबर बसते. फक्त तिच्या कडेला लटकणारा गट पुढच्या भाकरीला नीट बसू देत नाही. माझ्या तीनपैकी दोन लॉटमध्ये तेवढ्यावरच काम भागलं.