मसुद्यातली ओळ

प्रिय मैत्रिणी,

शांतता-वाटाघाटींच्या कामात उतरायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. शांतता-चर्चेत स्त्रियांचा सहभाग हवा असं सांगणारा, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा 2000 सालचा 1325 क्रमांकाचा ठराव तू वाचला असशीलच. चर्चेत स्त्रिया हव्यात, हे आता सहसा कुणी उघडपणे नाकारत नाही. खरी अडचण पुढे येते. बायकांना बोलावतात, फोटो निघतात आणि कराराच्या मसुद्यात मात्र त्यांच्या मागणीची एक ओळही सापडत नाही.

म्हणून अजेंडा ठरण्याआधीच आपली कलमं लिहून ठेव. मसुदा करणाऱ्यांच्या हाताशी शेवटी थोडेच तास उरतात. तेव्हा वीस पानी निवेदन कुणी उघडत नाही, जशाच्या तशा उचलता येतील अशा तीन-चार ओळी मात्र उपयोगी पडतात. काम कोण करणार, कधीपर्यंत, पैसा कुठून येणार आणि झालं की नाही हे कोण तपासणार, हे प्रत्येक कलमात हवंच. ‘प्रयत्न करतील’ असं कुणी घुसडलं तर तिथेच अडव.

उत्तर आयर्लंडचा अभ्यास जरूर कर. शांतता-चर्चेसाठी प्रतिनिधी निवडायच्या 1996 च्या निवडणुकीत तिथल्या महिला आघाडीला जेमतेम 1 टक्का मतं पडली. पण सर्वाधिक मतं मिळवणाऱ्या दहा पक्षांना प्रत्येकी दोन जागा जास्तीच्या मिळणार होत्या. हा नियम हेरूनच त्या काही आठवड्यांत उभ्या राहिल्या आणि चर्चेत पोहोचल्या. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशा दोन्ही समाजांतल्या बायका त्यांनी एकत्र बसवल्या, त्यामुळे ‘तुम्ही त्यांच्या बाजूच्या’ हा आरोप टिकेना. 1998 च्या करारात हिंसाचाराचे बळी, दोन्ही समाजांच्या मुलांच्या एकत्र शाळा आणि नागरी मंच (सामाजिक क्षेत्रांतल्या प्रतिनिधींची सल्लागार संस्था) हे विषय आले, त्यामागे त्यांचा रेटा होता. पण 60 जणांचा तो मंच 2002 मध्ये विधानसभेबरोबरच थांबला. विधानसभा पुढे परत आली, मंच आला नाही. आपण आणलेली संस्था दुसऱ्या संस्थेच्या आधारावर उभी असेल, तर ती पडल्यावर काय, हे त्याच कलमात लिहून घे.

निःशस्त्रीकरणाचे, म्हणजे सशस्त्र गटांतल्या लोकांकडून हत्यारं घेऊन त्यांना मदत देण्याचे निकष तर ओळ न् ओळ वाच. पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये यादवी युद्ध संपताना मदत मिळवायला हत्यार जमा करावं लागे. सशस्त्र गटांसाठी स्वयंपाक करणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या, पळवून नेलेल्या कितीतरी मुलींकडे हत्यारच नव्हतं. त्या यादीबाहेर राहिल्या. निकष ठरवताना ‘गटात कोण काय करतं’ हा साधा प्रश्न विचारला असता, तर हे टळलं असतं.

हे प्रश्न सुचतात ते गावोगावच्या बायकांशी बोलून. बैठक दिवसाउजेडी संपेल अशी ठेव, जाण्यायेण्याचा खर्च आधी हातात दे, मुलं सांभाळायला माणूस ठेव. एवढं केलं नाहीस, तर येतात त्या फक्त पदाधिकाऱ्यांच्या घरच्या बायका. टिपणात नावं लिहू नकोस, फोटो काढू नकोस. वही चुकीच्या हाती पडली तर जीव त्यांचा जातो. अत्याचाराची हकिगत सगळ्यांसमोर कुणालाही विचारू नकोस. ते काम प्रशिक्षित व्यक्तीचं आहे आणि पुढची मदत तयार असेल तरच करायचं.

सह्या झाल्या की बरेच जण घरी जातात. तू जाऊ नकोस. देखरेख समित्यांची नावं त्याच आठवड्यात ठरू लागतात आणि तिथे बायकांची नावं विसरली जातात. आपल्याकडची यादी आधीच तयार ठेव, प्रत्येकीची संमती घेऊन. पहिला मसुदा झाला की मला पाठव.

सस्नेह,
तुझी ताई